तारेची नाडी जाणणारा माणूस

नवी मुंबईत बेलापूरच्या उंच कचेऱ्यांच्या पायथ्याशी, खाडीच्या कडेला दिवाळे नावाचे कोळ्यांचे जुने गाव आहे. एकीकडे होड्या, वाळत घातलेली जाळी आणि ताजी मासळी. दुसरीकडे हाकेच्या अंतरावर संगणकांच्या जाळ्यांवर चालणारे कारभार. दोन्ही जाळ्यांचा धर्म मात्र एकच. कुठे तरी एक गाठ सैल होते आणि सगळे जाळे लंगडे पडते. ती गाठ शोधून काढणे हेच खरे कसब.

संगणकाच्या जाळ्यातले एक दुखणे अशा कचेऱ्यांतून काम करणाऱ्यांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. युनिक्स प्रणालीवर चालणारा एक मोठा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, तो सगळ्या कचेरीला माहिती पुरवीत असतो. त्याच्या पोटातले नेटवर्क कार्ड एका तारेने स्विच नावाच्या पेटीला जोडलेले असते. एके दिवशी काम मंदावते. कार्डावरचा दिवा तर व्यवस्थित लागलेला असतो. लहानसा निरोप पाठवून पाहावा, तर उत्तर चटकन येते. पण मोठी फाइल पाठवायला घेतली, की मिनिटाच्या कामाला तास लागतो. मग दोषारोपांना तोंड फुटते. कुणाच्या मते संगणक म्हातारा झाला, कुणाच्या मते तार कुजली, तर कुणाला आणखी महागडे यंत्र आणल्याशिवाय गत्यंतर दिसत नाही. मोजून मात्र कुणीच पाहिलेले नसते.

हे भांडण आजचे नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, जगातली सर्वांत लांब तार मंदावली तेव्हा नेमके हेच घडले होते. त्या वेळी ज्या माणसाने आधी मोजले आणि मग बोट दाखवले, त्याचे नाव आज आपण तापमानाच्या एककात ऐकतो. तो म्हणजे विल्यम थॉमसन, अर्थात लॉर्ड केल्व्हिन.

सोळाव्या वर्षीचे पुस्तक

विल्यमचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील जेम्स थॉमसन हे शेतकऱ्याचे चिरंजीव. स्वतःच्या हिमतीवर शिकून ते गणिताचे अध्यापक झाले होते. विल्यम सहा वर्षांचाही नव्हता तेव्हा आई वारली. मुलांच्या शिक्षणाची सारी जबाबदारी वडिलांनी स्वतःच्या अंगावर घेतली आणि घरीच मुलांना घडवले. वडिलांना स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात गणिताचे प्राध्यापकपद मिळाले, तेव्हा सगळे बिऱ्हाड तिकडे हलले. १८३४ साली अवघ्या दहाव्या वर्षी विल्यमचे नाव विद्यापीठाच्या पटावर लागले. आपल्याकडे ज्या वयात मुले चौथी-पाचवीच्या वर्गात असतात, त्या वयात हा मुलगा विद्यापीठातल्या व्याख्यानांना बसत होता.

सोळाव्या वर्षी त्याच्या हाती एक फ्रेंच ग्रंथ पडला. जोसेफ फूरिए या गणितीने उष्णता वस्तूंमधून कशी पसरते, याचे गणित त्यात मांडले होते. लोखंडी सळईचे एक टोक चुलीत धरले, तर दुसऱ्या टोकाला चटका लगेच बसत नाही. उष्णता हळूहळू पाझरत जाते. आधी किंचित कोमट, मग गरम, मग कढत. सळई लांब असेल तर हा वेळ कितीतरी वाढतो. या पाझरण्याला फूरिएने समीकरणात बांधले होते. विल्यमने तो ग्रंथ पंधरवड्यात वाचून काढला. या एका पुस्तकाने त्याच्या पुढच्या साऱ्या आयुष्याला वळण दिले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. त्याचे मोठे यश या समीकरणातून आले आणि त्याची सर्वांत गाजलेली चूकही त्यातूनच आली.

पुढे केंब्रिजला जाऊन विल्यमने १८४५ साली गणिताच्या अवघड परीक्षेत दुसरा क्रमांक मिळवला. १८४६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. मुलाला हे पद मिळावे यासाठी वडिलांनी जिवाचे रान केले होते. पण मुलाचा उत्कर्ष पाहण्याचे सुख त्यांना फार काळ लाभले नाही. १८४९ च्या जानेवारीत पटकीच्या साथीत त्यांचे निधन झाले. विल्यम थॉमसन त्या पदावर पुढे ५३ वर्षे राहिले. शास्त्र केवळ फळ्यावर शिकवायचे नसते, ते हाताने करून पाहायचे असते, असा त्यांचा आग्रह असे. म्हणून त्यांनी विद्यापीठातले एक जुने दारूचे तळघर मागून घेतले आणि तिथे विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा थाटली. तारांचे आणि तांब्याचे नमुने पुढे याच तळघरात तपासले जाणार होते.

तांबे, डिंक आणि खारे पाणी

१८५० च्या सुमारास युरोपात जमिनीवर तारायंत्राचे जाळे पसरले होते आणि समुद्राखालूनही तारा टाकल्या जाऊ लागल्या होत्या. तांब्याच्या तारेभोवती गटापर्चा या मलायातल्या झाडाच्या चिकाचे वेष्टण आणि वरून लोखंडी तारांचे चिलखत, अशी या केबलची रचना. पण एक विचित्र गोष्ट लक्षात येऊ लागली. जमिनीवरच्या तारेतून टक्-टक् असा स्वच्छ येणारा संकेत समुद्राखालच्या लांब तारेतून येताना विस्कटत होता. एक ठोका संपण्याआधीच दुसरा त्यात मिसळे आणि घाईने पाठवलेला संदेश पलीकडे नुसता गाळ होऊन पोहोचे.

आतले तांबे, मधले वेष्टण आणि बाहेरचे खारे पाणी मिळून ही केबल म्हणजे विद्युतभार साठवणारी एक लांबच लांब बरणीच होते, हे १८५४ मध्ये मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले. पाठवलेल्या विजेला आधी ही बरणी भरावी लागते. त्याच वर्षी थॉमसन यांचे मित्र आणि केंब्रिजचे गणिती जॉर्ज स्टोक्स यांनी या प्रश्नाबद्दल पत्राने विचारणा केली. थॉमसन यांना त्यात आपली जुनी ओळखीची सळई दिसली. केबलमधून वीज पसरते ती उष्णता सळईतून पसरते तशीच. समीकरण तेच, फक्त अक्षरांचे अर्थ वेगळे. त्यातून एक नियम निघाला. केबलची लांबी दुप्पट केली तर संकेताला होणारा विलंब दुप्पट नव्हे, चौपट होतो. कारण तारेचा विरोध दुप्पट होतो आणि भरायची बरणीही दुप्पट होते. लांबी दहापट, तर विलंब शंभरपट.

खाडीच्या काठी राहणाऱ्यांना हे सहज उमगेल. भरतीचे पाणी खाडीच्या मुखाशी चढले, तरी आतल्या टोकाला फुगवटा यायला वेळ लागतो. समजा, समुद्राने दर मिनिटाला भरती-ओहोटी करायची ठरवली, तर आतल्या टोकाला कळणारही नाही. तिथले पाणी जागच्या जागी किंचित हलेल, इतकेच.

सर्जन आणि गणिती

याच सुमारास सायरस फील्ड या अमेरिकन व्यापाऱ्याने आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत, अटलांटिक महासागराच्या तळातून तीन हजार किलोमीटरहून लांब तार टाकण्याचा घाट घातला. कंपनी उभी राहिली. तिचे विद्युततज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाउस, पेशाने सर्जन आणि छंदाने तारायंत्राचे प्रयोग करणारे. थॉमसन यांचा वर्गाचा नियम त्यांना साफ अमान्य होता. आपल्या प्रयोगांत असे काही दिसत नाही, आणि हा नियम खरा असेल तर अटलांटिकपार तारायंत्राचा विचारच सोडून द्यावा लागेल, असा त्यांचा युक्तिवाद. थॉमसन यांनी उत्तर दिले, की नियम खराच आहे, पण त्यामुळे हातपाय गाळायचे कारण नाही. तांबे जाड आणि शुद्ध घ्या, वेष्टण भरपूर ठेवा आणि पलीकडच्या टोकाला अत्यंत नाजूक उपकरण बसवा.

पण तोवर बारीक तांब्याच्या केबलची मागणी देऊन झाली होती. थॉमसन कंपनीचे बिनपगारी संचालक झाले ते त्यानंतर. त्यांनी तांब्याचे नमुने तळघरातल्या प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा वरून एकसारख्या दिसणाऱ्या तारांच्या वीजवहनात बराच मोठा फरक निघाला. त्याआधी कुणाला हे मोजावेसेच वाटले नव्हते. दुसरी गंमत तर कपाळावर हात मारून घ्यावा अशी. केबल दोन कारखान्यांत निम्मी निम्मी तयार झाली. एकाने चिलखताच्या तारा डावीकडे पीळ देऊन वळल्या, दुसऱ्याने उजवीकडे. दोघांचेही काम आपापल्या जागी चोख. पण दोन तुकडे जोडले, की एकमेकांचा पीळ सोडवणार. शेवटी खास सांधा बनवून वेळ निभावून न्यावी लागली.

१८५७ चा प्रयत्न केबल तुटल्याने फसला. १८५८ मध्ये व्हाइटहाउस यांनी प्रकृतीचे कारण सांगून बोटीवर जाण्याचे टाळले आणि त्यांच्या जागी थॉमसन विनामोबदला अॅगॅमेम्नॉन या जहाजावर चढले. जूनमध्ये असे भयंकर वादळ झाले, की केबलच्या भाराने जहाज बुडते की काय अशी पाळी आली. पुन्हा पुन्हा तार तुटली. अखेर ५ ऑगस्ट १८५८ रोजी दोन्ही किनारे जोडले गेले. न्यूयॉर्कमध्ये आनंदाला इतके उधाण आले, की आतषबाजीने तिथल्या नगरभवनालाच आग लागली.

आनंद मात्र अल्पजीवी ठरला. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेला शंभरेक शब्दांचा संदेश पोहोचायला सुमारे सोळा तास लागले. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटे! तार मंद होती, आणि तिचे निदान करायला दोन वैद्य दोन दिशांनी निघाले.

व्हाइटहाउस यांचा उपाय सोपा होता. संदेश नीट जात नाही, तर जोर वाढवा. मोठमोठ्या वेटोळ्यांतून त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचे धक्के तारेत सोडले. थॉमसन यांचा मार्ग उलटा होता. पलीकडे येणारा प्रवाह क्षीण आहे ना, मग तो क्षीण प्रवाह ओळखणारे उपकरण करा. त्यांनी एका इवल्याशा आरशाच्या पाठीला बारीक लोहचुंबक चिकटवून तो रेशमाच्या धाग्याने तारेच्या वेटोळ्यात टांगला. क्षीणातल्या क्षीण प्रवाहाने आरसा किंचित वळे आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका समोरच्या पट्टीवर डावी-उजवीकडे सरके. पुढच्या संकेताला सुरुवात झाली हे कळायला आता बरणी पूर्ण भरण्याची वाट पाहावी लागत नव्हती. किनाऱ्यावर संदेश प्रत्यक्षात वाचले जात होते ते या आरशावरच.

पण तोवर मूळची सदोष तार विजेच्या माराने आणखी खचली. सप्टेंबर १८५८ मध्ये ती मूक झाली. व्हाइटहाउस यांना कंपनीने त्याआधीच कामावरून दूर केले होते. भागधारकांचे लाखो पौंड समुद्राच्या तळाशी गेले आणि लोक या साऱ्या प्रकाराला थोतांड म्हणू लागले. या अल्पायुषी तारेने जाता जाता एक काम केले, तेही आपल्या देशाशी निगडित. १८५७ चा उठाव मोडून काढण्यासाठी कॅनडातून दोन पलटणी निघणार होत्या. आता त्यांची गरज नाही, हा निरोप ब्रिटिश सरकारने याच तारेने धाडला आणि सुमारे पन्नास हजार पौंडांचा खर्च वाचवला.

पुढे सरकारने आणि कंपनीने मिळून चौकशी समिती नेमली. थॉमसन यांनी तिच्यापुढे साक्ष दिली. तांब्याची शुद्धता, वेष्टणाची जाडी, साठवण, तपासणी अशी एकेक गाठ सोडवून पाहण्यात आली. १८६५ च्या नव्या केबलमध्ये तांबे जवळजवळ तिप्पट वजनाचे होते. ग्रेट ईस्टर्न या अजस्र जहाजावरून ती टाकताना पुन्हा तुटली. पण २७ जुलै १८६६ रोजी नवी तार यशस्वीपणे किनाऱ्याला लागली. इतकेच नव्हे, तर आदल्या वर्षी तुटलेली तार तीन किलोमीटरहून अधिक खोल पाण्यातून गळ टाकून वर काढण्यात आली आणि तीही पूर्ण झाली. वेग मिनिटाला आठ शब्दांच्या आसपास पोहोचला. दोन तारा झाल्यावर एका तज्ज्ञाने मोठा गमतीचा प्रयोग केला. दोन्ही तारा पलीकडे एकमेकींना जोडल्या आणि शिवणकामाच्या चांदीच्या अंगुस्तानात थोडे आम्ल व जस्ताचा तुकडा घालून केलेल्या बॅटरीने महासागर ओलांडून परत येणारा संकेत पाठवला. जिथे दोन हजार व्होल्ट हरले, तिथे अंगुस्तान जिंकले! त्याच वर्षी थॉमसन यांना सर हा किताब मिळाला.

मुंबईच्या किनाऱ्यावर

या विद्येचे फळ मुंबईच्या पदरात पडायला फार वेळ लागला नाही. १८६५ पासून इराणच्या आखातातून कराचीमार्गे विलायतेशी तारेने संपर्क सुरू झाला होता. पण वाटेत ठिकठिकाणी माणसे संदेश वाचून पुन्हा पुढे पाठवीत. इंग्रजी न जाणणाऱ्या कारकुनांच्या हातून जाताना मजकुराची दशा होई आणि दिवसच्या दिवस मोडत. १८७० च्या फेब्रुवारीत हीच ग्रेट ईस्टर्न मुंबईहून एडनच्या दिशेने केबल टाकीत निघाली. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई, एडन, सुवेझ, माल्टा, जिब्राल्टर अशी इंग्लंडपर्यंतची सागरी साखळी पूर्ण झाली. दिवसांचे काम तासांवर आले.

आरशावरचा ठिपका पाहता पाहता तारबाबूंचे डोळे शिणत. त्यासाठी थॉमसन यांनी १८६७ मध्ये सायफन रेकॉर्डर नावाचे दुसरे यंत्र शोधले. केसासारख्या बारीक काचनळीतून शाईची नागमोडी रेघ सरकत्या कागदाच्या पट्टीवर उमटे, आणि संदेश आपोआप लिहिला जाई. लांब पल्ल्याच्या सागरी तारांवर पुढे कित्येक वर्षे या यंत्राचा वापर होत राहिला. १८७० च्या दशकात एकाच तारेतून एकाच वेळी दोन्ही बाजूंनी संदेश पाठवण्याची युक्तीही सागरी केबलांवर आली. तिला डुप्लेक्स म्हणत.

हा शब्द वाचून संगणकाच्या कचेरीत काम करणाऱ्यांचे कान टवकारले असतील. कारण लेखाच्या आरंभी सांगितलेल्या दुखण्याचे एक नेहमीचे मूळ याच शब्दात दडलेले असते. नेटवर्क कार्ड आणि स्विच यांनी दोघांनी मिळून कसे बोलायचे ते आधी ठरवायचे असते. एकाच वेळी बोलायचे आणि ऐकायचे, हा फुल डुप्लेक्स. आळीपाळीने बोलायचे, हा हाफ डुप्लेक्स. शंभर मेगाबिट वेगाच्या जाळ्यात कुणी तरी एका टोकाला हाताने फुल डुप्लेक्स ठरवून ठेवतो, दुसरे टोक मात्र आपोआप ठरवण्यावर राहते. समोरून वाटाघाटीला उत्तर न आल्याने ते बिचारे सावधपणे हाफ डुप्लेक्स धरते. आता एक बाजू न थांबता बोलते आणि दुसरी आपले बोलणे चालू असता समोरचा आवाज आला, की टक्कर झाली समजून थांबते. लहान निरोपाला टक्करीची संधीच मिळत नाही, म्हणून तो सुखरूप जातो. मोठी फाइल मात्र ठेचकाळत राहते. दोन कारखाने, दोन पीळ!

यावर उपाय महागडे यंत्र नव्हे. युनिक्समध्ये नेटस्टॅटसारख्या आज्ञेने कार्डावरच्या चुका आणि टकरी मोजून दाखवता येतात. स्विचच्या बाजूचे आकडेही पाहावेत. मग दोन्ही टोके एकसारखी करावीत. शक्यतो दोन्ही आपोआप ठरवण्यावर ठेवावीत. तरी चुकांचे आकडे वाढत राहिले, तर तार बदलून पाहावी, आणि मग कार्ड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचे. थॉमसन यांच्या तळघरातली शिस्त हीच होती.

गुरूची चूक

थॉमसन यांना पेटंटांतून संपत्ती मिळाली, १८९२ मध्ये उमरावपद मिळाले. ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्व्हिन या लहानशा नदीचे नाव त्यांनी धारण केले. निरपेक्ष तापमानाची त्यांनी १८४८ मध्ये मांडलेली कल्पना आज जगभर त्याच नावाने ओळखली जाते. पहिली पत्नी मार्गारेट दीर्घ आजारानंतर १८७० मध्ये वारली. १८७४ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. मूलबाळ मात्र झाले नाही.

पण ज्या समीकरणाने त्यांना तारेचे गुपित सांगितले, त्यानेच त्यांना एकदा चकवले. तप्त पृथ्वी सळईसारखी निवत गेली असे धरून तिचे वय काढायला त्यांनी १८६२ मध्ये सुरुवात केली आणि शेवटी ते दोन ते चार कोटी वर्षांवर आणले. भूगर्भशास्त्रज्ञ आणि उत्क्रांतीचे अभ्यासक म्हणत होते, की एवढा काळ पुरत नाही. केल्व्हिन यांचे गणित बिनचूक होते; गृहीतक चुकले होते. त्यांचेच एके काळचे साहाय्यक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये हे दाखवून दिले. पृथ्वीच्या पोटात उष्णता सर्वत्र सारखीच पाझरते, हे धरून चालणेच बरोबर नव्हते. पुढे किरणोत्सर्गाचा शोध लागल्यावर पृथ्वीच्या पोटात उष्णतेचा स्वतंत्र झराही असल्याचे उघड झाले. आज आपण पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानतो. केल्व्हिन यांनी मात्र आपला हेका फारसा सोडला नाही. व्हाइटहाउस यांच्यापुढे ज्यांनी मोजमापाचा झेंडा धरला, त्यांनाच उतारवयात स्वतःचे गृहीतक तपासून पाहणे जड गेले. कीर्ती हीसुद्धा माणसाच्या कानांवरचे एक जाड वेष्टणच असते.

१७ डिसेंबर १९०७ रोजी स्कॉटलंडमधील लार्ग्झ येथील आपल्या घरी त्यांनी देह ठेवला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये न्यूटनच्या समाधीशेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली. प्रकाश ज्यातून धावतो अशा ईथर नावाच्या अदृश्य माध्यमावर त्यांची अखेरपर्यंत श्रद्धा होती. विज्ञानाने पुढे ते माध्यम निकालात काढले. पण १९७३ साली अमेरिकेत संगणक जोडण्याची नवी पद्धत निघाली, तेव्हा तिच्या जनकाने त्या जुन्या ईथरची आठवण ठेवून तिचे नाव इथरनेट ठेवले. घरोघरीच्या आणि कचेरीकचेरीतल्या नेटवर्क कार्डांची भाषा आज तीच आहे.

आता समुद्राच्या तळाशी तांब्याऐवजी काचतंतू आहेत, त्यांतून प्रकाश धावतो आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात माहितीची प्रचंड कोठारे उभी आहेत. तरीही एखाद्या सकाळी काम मंदावते, दिवा हिरवाच असतो आणि माणसे एकमेकांकडे बोट दाखवू लागतात. अशा वेळी जोर वाढवायचा की आरसा टांगायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आरसा टांगला, तर त्यात आधी आपले स्वतःचे गृहीतक न्याहाळून घेतलेले बरे.